आबा, आज उचलायचं नाही!

चाकाच्या खुर्चीवरून विमानप्रवास म्हणजे तिकीट काढलं आणि बॅग भरली, एवढं सोपं नसतं. कुठली सीट, कुठलं दार, कुठला आर्मरेस्ट वर होतो... सगळ्याचा होमवर्क लागतो. हैदराबाद ते कोल्हापूर, पहिल्यांदाच एकटीने केलेल्या प्रवासाची ही गोष्ट.

कोल्हापुरात मदत मागावी लागत नाही. चाकाच्या खुर्चीवर तुम्ही एखाद्या दुकानाच्या पायरीसमोर नुसत्या थांबलात, की आतला मालक, बाहेरचा रिक्षावाला आणि शेजारी उसाचा रस पीत उभा असलेला पोरगा, असे तिघं एकदम धावून येतात. ‘काय हुतंय त्याला, उचलतो की ताईंना!’ तुम्ही हो-नाही म्हणायच्या आत जमिनीपासून दोन फूट वर. खुर्चीसकट! आमच्या गावाचा जीव मोठा आहे, आणि दंडही.

पण खरं सांगू? मला उचललेलं आवडत नाही. रागावू नका. प्रेम कळतं हो, पण हवेत असताना माणसाच्या हातात काहीच नसतं. ब्रेकसुद्धा नाही.

या बाबतीत आमचे आबा म्हणजे घरचे महाराष्ट्र केसरी. शिवाजी पेठेतल्या तालमीत तरुणपण घालवलेला माणूस. मी एकोणीस वर्षांची असताना पन्हाळ्याच्या घाटात आमची टू-व्हीलर घसरली. मणक्याला मार लागला आणि कमरेखालची संवेदना गेली. त्या दिवसापासून आबांनी मला उचललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून रिक्षात, महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात, कॉलेजच्या जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर. मास कॉमची दोन वर्षं मी पुण्यात काढली, तेव्हा दर सुट्टीला ते न्यायला यायचे. पुढे मुंबईत फ्रीलान्सिंग सुरू झालं. लिफ्टवाली बिल्डिंग शोधली, बाथरूमचं दार रुंद करून घेतलं, स्वयंपाकाचा ओटा खाली आणला. सगळं जमलं. एकटीने घरी जाणं तेवढं जमेना.

तशात तीन वर्षांपूर्वी तो प्रसंग घडला. आबा आणि मी एका छोट्या विमानाने एका शहरात उतरलो. शहराचं नाव नको, कंपनीचंही नको. सगळे प्रवासी उतरले, पण माझ्यासाठीचा रॅम्प काही येईना. ‘पाचच मिनिटं’ म्हणता म्हणता वीस मिनिटं गेली. मग कुणीतरी म्हणालं, ‘चार-पाचच तर पायऱ्या आहेत, काका...’ झालं! आबांनी बाह्या सरसावल्या. मला पाठीवर घेऊन ते उतरले आणि शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला. मी पडले नाही, त्यांनी पडू दिलं नाही. पण त्यांच्या कमरेत भरलेल्या चमकेने त्यांना दीड महिना अंथरुणावर ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं, ‘यापुढे वजन उचलायचं नाही.’

वजन म्हणजे मी!

आबा तेव्हा साठीचे होते. दवाखान्यातून बाहेर पडताना पुटपुटले, ‘डॉक्टर काय, बोलतंय.’ त्याच दिवशी मी ठरवलं, आता घरी जायचं ते आपल्या आपण.

चार अक्षरांचा फंडा

संधी आली ती गेल्या वर्षी. एका असाइनमेंटसाठी फोटोग्राफर मैत्रिणीबरोबर हैदराबादला गेले होते. काम संपल्यावर ती परस्पर मुंबईला जाणार होती. हैदराबादहून कोल्हापूरला थेट विमान. घरी फोन केला, तर आबा म्हणतात, ‘मी येतो हैदराबादला न्यायला!’ मी म्हटलं, ‘आबा, तुम्ही विमानतळावर या. कोल्हापूरच्या.’

मग सुरू झाला होमवर्क. बुकिंग करताना ‘व्हीलचेअर हवी’ या चौकटीत टिक केलं की संपलं, असं मला पूर्वी वाटायचं. चूक! विमानाच्या भाषेत व्हीलचेअरवाल्यांचे मुख्य प्रकार तीन. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता-उतरता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात शिरल्यावर सीटपर्यंत चालता येतं. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. शेवटचा ‘आर’ रॅम्पचा, ‘एस’ स्टेप्सचा आणि ‘सी’ केबिनचा. मी ‘सी’वाली.

आता या एका अक्षराने काय होतं? सगळंच होतं. ‘सी’च्या जागी ‘आर’ पडला, तर गेटवर खुर्ची घेऊन माणूस हसतमुखाने हजर असतो, पण विमानाच्या दारात आइल चेअर नसते. आइल चेअर म्हणजे सीटच्या रांगांमधून जाईल अशी चिंचोळी, बेल्टवाली खुर्ची. माझी नेहमीची खुर्ची तिथे मावतच नाही. आइल चेअर नाही म्हणजे मग उरतो एकच उपाय. बरोबर ओळखलंत, उचला!

म्हणून तिकीट काढल्यावर मी कंपनीला फोन लावते आणि माझ्या बुकिंगवर कुठला कोड पडलाय ते वाचून दाखवायला सांगते. आजवरच्या अशा फोनांवर ‘पेशंटचं नाव?’ हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकलाय. माझं उत्तर पाठ आहे: ‘पेशंट कुणी नाही, पॅसेंजरचं नाव सांगते.’

ही मेहेरबानी नव्हे

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हा फोन म्हणजे विनंती-अर्ज नव्हे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांची अपंग प्रवाशांसाठी स्वतंत्र नियमावली आहे. निव्वळ अपंगत्वाच्या कारणावरून कंपनी प्रवास नाकारू शकत नाही. मदतीचे पैसे घेता येत नाहीत. तुमची गरज तुम्ही ४८ तास आधी कळवायची, पुढची व्यवस्था त्यांची.

हे नियम कागदावरून जमिनीवर यावेत म्हणून माणसांना भांडावं लागलंय. फेब्रुवारी २०१२मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, आणि अपंगांच्या हक्कांसाठी त्या काम करतात. सीटवर बसलेल्या असताना त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०१६मध्ये निकाल लागला आणि विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यावी लागली. मे २०२२मध्ये रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा कंपनीला ५ लाखांचा दंड झाला आणि त्याच वर्षी नियम आणखी कडक झाले. प्रवासात एखाद्याची तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटत असेल, तर आता डॉक्टरने त्या प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायचं. काउंटरवरच्या माणसाला ‘वाटलं’ म्हणून कुणाला मागे ठेवता येत नाही.

जीजा घोष यांना मी कधी भेटलेले नाही. पण दर वेळी फोनवर आवाज जरा चढवताना त्यांची आठवण होते.

पहिली रांग की शेवटची?

आता येऊ सीटवर. सगळ्यांचा समज असा, की व्हीलचेअरवाल्यांना पहिली रांग द्यावी. पाय पसरायला जागा, दाराजवळ, व्हीआयपी वगैरे! मोठ्या विमानात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पहिल्या रांगेत समोर सीट नसते, म्हणून जेवणाचा ट्रे बहुतेक वेळा आर्मरेस्टमध्येच दडवलेला असतो, आणि तो आर्मरेस्ट वर होत नाही. माझ्यासारखीला खुर्चीतून सीटवर आडवं सरकायचं असतं. मध्ये न हलणारा आर्मरेस्ट आला म्हणजे भिंतच. मग पुन्हा तेच. उचला!

मागच्या रांगांमध्ये पॅसेजच्या बाजूचे काही आर्मरेस्ट वर होतात. बऱ्याच विमानांत त्यांच्या बिजागरीपाशी, खालच्या बाजूला, एक छोटीशी कळ लपलेली असते. बोटाने ती दाबली की आर्मरेस्ट अलगद वर. दर रांगेत ती सोय असेलच असं नाही, म्हणून ‘वर होणाऱ्या आर्मरेस्टची रांग’ असं स्पष्ट मागायचं. काही कंपन्या आम्हाला खिडकीची सीट देतात, आणीबाणीत शेजाऱ्याची वाट अडू नये म्हणून. त्याला माझी ना नाही. फक्त मग दोन सीट्स सरकाव्या लागतात आणि दोन आर्मरेस्ट वर व्हावे लागतात.

पण कोल्हापूरला येतं ते एटीआर. दोन पंखे, दोन-दोन सीट्सच्या रांगा. आणि एटीआरचा सगळा हिशेबच उलटा! प्रवाशांचं दार शेपटीकडे असतं. म्हणजे पहिली रांग ही दारापासून सगळ्यात लांबची रांग. शिवाय केबिनच्या पुढच्या भागात इमर्जन्सी एक्झिट असतात, आणि त्या रांगेत आम्हाला बसता येत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या त्या प्रवासात आम्हाला मोठ्या आपुलकीने पुढची सीट दिली होती. आपुलकीपायी अख्ख्या विमानाची लांबी आबांनी मला धरून पार केली होती.

या वेळी मी शेवटच्या दोन-तीन रांगांपैकी एक मागितली. फोनवरची मुलगी गोंधळली. ‘मॅडम, मागच्या सीट्स कुणी मागत नाही.’ म्हटलं, ‘मग माझ्यासाठी ठेवा ना!’ खिडकी मिळाली.

‘कसं धरू?’

प्रवासाच्या दिवसाची सुरुवात ग्लॅमरस नसते. मी सकाळपासून जवळजवळ पाणी प्यायले नव्हते. छोट्या विमानात टॉयलेटपर्यंत जाणं माझ्यासाठी जमण्यातलं नसतं, त्यामुळे हा आमच्या जमातीचा गुपचूप उपास. डॉक्टर ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण हैदराबाद-कोल्हापूर सव्वा-दीड तासाचा प्रवास, त्याच्या आधी दोन-अडीच तास विमानतळावर. मी हिशेब करते.

चेक-इनला आपली खुर्ची देऊन विमानतळाची खुर्ची घ्या, असं सुचवतात. मी घेत नाही. माझी खुर्ची म्हणजे माझे पाय, आणि पाय कुणी बॅगांच्या पट्ट्यावर सोडतं का? विमानाच्या दारापर्यंत मी माझ्याच खुर्चीवरून जाते, आणि उतरल्यावर दारातच परत मिळावी असा टॅग लावून घेते. बसायची गादी मात्र काढून सोबत ठेवते. ज्यांना कमरेखाली जाणवत नाही, त्यांना साध्या सीटवर तासभर बसूनही जखम होऊ शकते, आणि ती झाल्याचं कळतही नाही.

एटीआर समोर उभं होतं. आणि दाराला लागलेला होता... रॅम्प! एटीआर बुटकं, त्यामुळे लांब उताराचा एक रॅम्प पुरतो. मोठ्या विमानाला एअरोब्रिज नसला, तर अँब्युलिफ्ट लागते, म्हणजे अख्खी केबिन वर उचलणारा ट्रक. इथे ती भानगड नाही. सगळ्यांच्या आधी मला वर नेलं. दारात आइल चेअर तयार होती. दोन मुली होत्या, दोघी माझ्याहून लहान. त्यातल्या एकीने विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला कसं धरू?’

नऊ वर्षांत मला हा प्रश्न विचारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

माझ्याकडे एक गुळगुळीत फळी असते, हातभर लांब. एक टोक खुर्चीवर, दुसरं सीटवर, आणि मधून मी दोन्ही हातांच्या जोरावर सरकते. म्हटलं, ‘मला नका धरू. ही फळी हलू देऊ नका, बस.’ एकीने फळी धरली, दुसरीने आर्मरेस्टची कळ शोधली. पहिली सीट, मग दुसरी. खिडकीपाशी पोहोचले तेव्हा घाम फुटला होता आणि हसू आवरत नव्हतं. शेजारचे काका नंतर आले, त्यांना काही कळलंच नाही. त्यांच्या दृष्टीने मी फक्त आधी येऊन बसलेली बाई. किती भारी वाटलं म्हणून सांगू!

खाली ऊस, वर मी

खिडकीतून दख्खन सरकत होतं. आधी तांबूस-राखाडी जमीन, मग हिरवे चौकोन, मग नुसताच ऊस. उसाच्या मधोमध कारखान्याची चिमणी दिसली, की ओळखायचं, आलो!

उजळाईवाडीचं विमानतळ तसं जुनं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेलं. पण कोल्हापूरकरांच्या अख्ख्या पिढीने ‘विमान कधी?’ हा प्रश्न विनोदासारखा विचारलाय. २०११च्या सुमारास नियमित सेवा थांबली, ती ‘उडान’ योजनेतून २०१८मध्ये पुन्हा सुरू झाली. १३७० मीटरची धावपट्टी वाढवून १९३० मीटर केली. मार्च २०२४मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. विमान आलं म्हणून गाव खूश झालं, ते मुंबई-हैदराबाद जवळ आले म्हणून. मी खूश झाले, कारण रात्रभराच्या रेल्वेला आता एक पर्याय होता.

विमान थांबलं. आम्ही चढताना पहिले, उतरताना शेवटचे. सगळे उतरले आणि केबिन शांत झाली. मला ती जुनी वीस मिनिटं आठवली. पोटात गोळा आला. कुणी म्हणालं तर, ‘पायऱ्या काय, चार-पाचच...’? आणि आज तर पाठीवर घ्यायला आबाही नव्हते.

तेवढ्यात आइल चेअर आत आली. दारापाशी रॅम्प. आणि रॅम्पच्या तोंडाशी, उन्हात, माझी खुर्ची! गादी टाकली, फळी लावली, बसले. आणि उजळाईवाडीच्या वाऱ्यात, मागे कुणी हात न लावता, उतारावरून हळूहळू खाली आले. ब्रेक माझ्या हातात होता.

नसीमादीदींच्या गावात

चाकाच्या खुर्चीबद्दल बोलायचं आणि कोल्हापूरचं नाव घ्यायचं, तर नसीमा हुरजूक यांना वगळून कसं चालेल? ऐन तारुण्यात पॅराप्लेजिया झालेल्या नसीमादीदींनी १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. संस्थेचं ‘घरौंदा’ वसतिगृह उचगावला आहे. विमानतळापासून काही फार लांब नाही. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘चाकाची खुर्ची’. अपघातानंतर कुणीतरी ते माझ्या उशाशी आणून ठेवलं होतं. सहा महिने मी ते उघडलं नाही. उघडलं, तेव्हा एका बैठकीत संपवलं. दीदींनाही वाट दाखवणारा माणूस खुर्चीवरचाच होता: बाबूकाका दिवाण. म्हणजे आधी कुणीतरी रस्ता काढतं, मागच्याला तो सोपा जातो. मी आज ज्या रॅम्पवरून उतरले, त्याच्या मागे अशा किती जणांचे फोन, अर्ज आणि भांडणं असतील, कुणास ठाऊक.

बाहेर आबा उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दोन्ही हात सवयीने पुढे. माझ्या मागे त्यांनी दोनदा पाहिलं, सोबत कुणी आहे का म्हणून.

गाडीपाशी आलो. दार उघडून ते वाकू लागले.

‘आबा, आज उचलायचं नाही.’

‘मग मी काय करू?’

या प्रश्नासाठी मी तयार नव्हते. नऊ वर्षं ज्या माणसाने हेच केलं, त्याला दुसरं काम काय सांगणार? मी फळी काढून त्यांच्या हातात दिली. ‘हे टोक घट्ट धरा.’ त्यांनी धरलं, तालमीतली गदा धरावी तसं, जरा जास्तच घट्ट. मी सरकले आणि सीटवर बसले.

शाहू नाका येईपर्यंत आबा काही बोलले नाहीत. मग समोर बघतच म्हणाले, ‘फळी बरी आहे गं. कुठं मिळती? एक घरी ठेवू या.’

उड्डाणाआधी एवढं करा

• तिकीट काढताच फोन करून आपला कोड तपासा. सीटपर्यंत चालता येत नसेल, तर डब्ल्यूसीएचसीच हवा. गरज निदान ४८ तास आधी कळवा.

• विमान कुठलं आहे, प्रवाशांचं दार कुठे आहे हे आधी विचारा, मग सीट निवडा. एटीआरमध्ये मागची रांग सोयीची. इमर्जन्सी एक्झिटची रांग मिळणार नाही.

• ‘वर होणारा आर्मरेस्ट’ हे शब्द स्पष्ट वापरा. नुसतं ‘सोयीची सीट’ म्हणू नका.

• खुर्चीचा फोटो काढून ठेवा. नाव आणि फोन नंबर खुर्चीवर लावा. गादी आणि निघणारे सुटे भाग जवळ ठेवा. खुर्ची दारात परत मिळण्याचा टॅग मागा.

• बॅटरीची खुर्ची असेल, तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता बुकिंगच्या वेळीच सांगा. घडीच्या खुर्चीची निघणारी लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये न्यावी लागते. मर्यादा एका बॅटरीला ३०० वॉट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी १६०.

• पुढचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. तुम्ही सगळ्यात शेवटी उतरणार आहात.

• आणि सोबत जाणाऱ्यांसाठी: हात पुढे करण्याआधी विचारा, ‘कसं धरू?’